शून्य ते चार

७ जानेवारी

ताईस,

समितीनं हो म्हटलं. पाच माणसं, चार तास आणि तीनदा चहा. प्रमुख संशोधकाची सख्खी बहीण त्याच्याच चाचणीत कशी चालेल, यावर इतका खल झाला, की शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, नातं तोडून टाकू आणि घरी जाऊ. पण अटी घालून सोडलं. त्या अटी नीट वाच. पडद्याची मापं वाचतेस तशा वाच.

उपचार तुझ्या शहरातल्या हॉस्पिटलात होतील. माझ्या इथे नाही. तुम्ही सगळे साठ पेशंट अन्ननलिकेच्या कॅन्सरचे. नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळणारच. त्याशिवाय दर आठवड्याला शिरेतून एक बाटली. तीस जणांच्या बाटलीत माझं औषध, तीस जणांच्या बाटलीत मिठाचं पाणी. बाटली तीच, रंग तोच. कुणाला काय चढतंय हे मला कळणार नाही, तुझ्या डॉक्टरला नाही, नर्सबाईंना नाही आणि तुलाही नाही. यादी एका कपाटात आहे आणि किल्ली आमच्या आकडेवालीकडे. ही बाई आकडेमोड करते आणि स्वतःच्या नवऱ्याला अजून वय सांगत नाही.

दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा. गिळण्याचा आकडा. सगळं खाता येत असेल तर शून्य. घट्ट पदार्थ अडत असतील तर एक, फक्त मऊ जात असेल तर दोन, फक्त पातळ तर तीन. पाणीसुद्धा जात नसेल तर चार. आकडा दोन घरं वाढला, की तुझे डॉक्टर आकडेवालीला कळवणार आणि तुझं पाकीट उघडणार. आत मिठाचं पाणी निघालं तर त्या दिवसापासून तुला खरं औषध. म्हणून हा आकडा खरा हवा. तोच सगळ्यात महत्त्वाचा.

आणि तू कशी आहेस हे मला सांगायचं नाही. एक अक्षर नाही. मला कळलं, तर माझा हात नकळत तुझ्या बाजूनं झुकेल, असं समितीचं म्हणणं. बरोबर आहे त्यांचं. म्हणून फोनही बंद. तू नुसतं हॅलो म्हणालीस तरी मला कळतं भावोजींशी भांडण झालंय की नाही. पत्रं लिहू. आजार सोडून जगातलं सगळं लिही.

तुझा
ठोंब्या


१५ जानेवारी

ठोंब्या,

एवढी मोठी समिती, तिला सांगितलंस का, की तुला दहाव्या वर्षापर्यंत बुटांची नाडी मी बांधून द्यायचे? आता मी कशी आहे हे तुला सांगायचं नाही. पन्नास वर्षांत तुला न सांगता मला शिंकही आलेली नाही. बघू किती दिवस जमतं.

तुझा कागद तुझ्या भावोजींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं." लिफ्ट दुरुस्त करून करून माणूस असा होतो. वर की खाली, एवढंच.

मला एक सांग. बाबांच्या मेंदूतल्या गाठीपायी तू हे औषध शोधायला घेतलंस. अठरा वर्षं त्यात घातलीस. उंदरांच्या गाठी विरघळल्या, माणसांच्या नाही, कारण मेंदू म्हणे दार उघडत नाही, औषध बाहेरच उभं. मग कुणीतरी म्हणालं, अन्ननलिकेला असलं दार नाही, तिथं करून बघा. म्हणजे बाबांसाठी केलेलं औषध माझ्या वाट्याला आलं. लहानपणी त्यांचा कोट कापून मला जाकीट शिवलं होतं, तसं. तक्रार नाही. तेही छान बसलं होतं.

पण ही चाचणी जमली नाही, तर पुढे मेंदूचं काय? तुझ्या कामाला पैसे देणाऱ्या त्या मंडळाचं काय म्हणणं आहे? हे आजारात मोडत नाही, तेव्हा उत्तर दे.

ताई


२ फेब्रुवारी

ताईस,

मंडळाचं म्हणणं सोपं आहे. जूनमध्ये अर्ध्यावरची मोजणी होईल. खरं औषध घेणाऱ्यांचे आकडे मिठाच्या पाण्यावाल्यांपेक्षा ठळक चांगले निघाले, तर मेंदूत शिरणाऱ्या नव्या औषधाला हिरवा कंदील. नाहीतर मी, माझे उंदीर आणि अठरा वर्षांच्या वह्या, सगळ्यांना नमस्कार. असं ते बोलले नाहीत. "आपण पुन्हा विचार करू" म्हणाले. मंडळाला पुन्हा विचार करताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

त्यामुळे सध्या मी तुझ्यासारख्या साठ अनोळखी माणसांच्या घशावर डोळे लावून बसलो आहे. फॉर्मवर फक्त नंबर असतात. तुझा नंबर मला माहीत नाही आणि मी तो शोधत नाही. एकदा शोधावासा वाटला तेव्हा उठून खाली चहाला गेलो.

ठोंब्या


२० फेब्रुवारी

ठोंब्या,

कळलं. म्हणजे ही चाचणी जमलीच पाहिजे. त्याची काळजी तू करू नकोस.

आता जगातलं सगळं लिहिते. एका मोठ्या सभागृहाच्या पडद्याचं काम आलंय, चौदा पल्ले, जांभळी मखमल. पडद्याच्या खालच्या घडीत शिशाची वजनं घालावी लागतात, नाहीतर वाऱ्यानं फडफडतो आणि भाषण करणारा घाबरतो. पेटीभर वजनं आणून ठेवली आहेत. शेजारणीनं मांजर पाळलं. तुझे भावोजी सेवानिवृत्तीनंतर घरातली दारं दुरुस्त करतायत. एकही बिघडलेलं नव्हतं, आता दोन आहेत.

काल सकाळी भाजलेला पाव खाल्ला. कडक, कडेसकट. हे मी आजाराबद्दल सांगत नाहीये. न्याहारीबद्दल सांगतेय.

ताई


३ मार्च

ताईस,

हे चालणार नाही. पाव, कडा, कडकपणा, सगळं बंद. हा सरळ सरळ नियमभंग आहे आणि मी तो समितीला कळवायला हवा.

कळवला नाही. पत्र घडी करून खिशात ठेवलंय. आज दिवसभरात चारदा खिशावर हात गेला. प्रयोगशाळेतल्या मुलींना वाटलं छातीत दुखतंय.

यापुढे न्याहारीबद्दल लिहू नकोस.

ठोंब्या


९ एप्रिल

ठोंब्या,

न्याहारी नाही. फळबाजाराबद्दल लिहिते. सफरचंदं फार छान आली आहेत. लाल, टणक, चावताना शेजारच्या घरात आवाज जाईल अशी. मी रोज एक आणते. आता आणलेलं सफरचंद माणूस कशाला आणतो, ते तूच ठरव, एवढा शिकलायस.

घरात हल्ली दोन्ही वेळा सूप असतं. तुझ्या भावोजींच्या दातांचं काम काढलंय, त्यांना चावता येत नाही. बिचारे. मी आपली त्यांना सोबत म्हणून पिते.

थंडी लांबली या वर्षी. जाड कोट अजून अंगावरच आहे, हॉस्पिटलातसुद्धा तोच घालून जाते. नर्सबाई चांगली आहे, फार बडबडत नाही. हेही आजारात मोडत नाही, तिच्या स्वभावात मोडतं.

एक गोष्ट मात्र मी सांगून टाकणार, मग समिती मला फासावर देऊ दे. मला तुझंच औषध मिळतंय. पहिली बाटली चढली तेव्हाच कळलं. हात गरम झाले आणि असं वाटलं, की कुणीतरी ओळखीचं आत आलंय. घरात केलेली वस्तू घरच्या माणसाला मिळणार नाही, असं होईल का?

ताई


१८ एप्रिल

ताईस,

तुझं पत्र मी वाचलेलं नाही, असं मी समितीपुढे शपथेवर सांगू शकेन, इतक्या भरभर वाचलं.

सफरचंद! ताई, सफरचंद खाणारा माणूस शून्यावर असतो. फार तर एकवर. मी काही बोललो नाही असं समज.

हात गरम होण्याचं म्हणशील, तर मिठाच्या पाण्यानंही होतात. मनावर घेतलं की होतात. पण होतात ते होऊ देत.

भावोजींच्या दातांसाठी हिरड्यांचं मलम पाठवतो आहे, दिवसातून दोनदा लावायला सांग. या वयात सगळे दात एकदम काढू नयेत, एकेक बाजू घ्यावी. त्यांना म्हणावं, धीर धरा.

ठोंब्या


१२ जून

ताईस,

मोजणी झाली. आकडेवालीनं मला बोलावलं, खुर्ची दिली. तिनं खुर्ची दिली तेव्हाच माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण ती कुणाला बसू देत नाही. म्हणाली, दोन गटांत म्हणावा तसा फरक नाही. औषधवाले चांगले आहेत, पण मिठाच्या पाण्यावालेही अपेक्षेपेक्षा चांगले आहेत. थोडक्यात हुकलं. किती थोडक्यात, विचारलं. तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, एखाद्या पेशंटचा फरक. एखादा पेशंट इकडचा तिकडे असता तर झालं असतं.

जगात तीस माणसं मिठाचं पाणी घेऊन सुधारतायत, ताई. मला त्यांचा आनंद व्हायला हवा. डॉक्टर आहे मी. पण दुपारभर त्यांच्यापैकी कुणातरी एकाचा मला इतका राग येत होता, की मी प्रयोगशाळेत एकटा बसून राहिलो. तो मनुष्य कुठेतरी मजेत जेवत असेल.

चाचणी वर्षअखेरपर्यंत चालूच राहील. मंडळानं मात्र मला पुढच्या महिन्यात बोलावलंय, पुन्हा विचार करायला.

तू बरी आहेस, एवढंच मला पुरे. हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

ठोंब्या


१९ जून

ठोंब्या,

असं कसं होईल? आकडेवालीला पुन्हा मोजायला सांग. बायकांचं आकड्यात चुकत नाही, पण चष्मा पुसावा लागतो म्हणजे बघ. माझ्याकडून तर काही कमी पडलेलं नाही. मी दर आठवड्याला अगदी काळजीनं फॉर्म भरते. तुझ्या बाजूचे इतर लोक नीट भरत नसतील. मंडळाला सांग, माझी बहीण ठणठणीत आहे. मीच येऊन सांगू का? सफरचंद घेऊन येते, त्यांच्यासमोर खाते.

जेवलास का?

ताई


३ जुलै

डॉक्टरांस,

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. हे लिहिलं आहे हे हिला माहीत नाही.

परवा भिंतीतला खुंटा उपटून हिचा कोट खाली पडला. खुंटा मीच बसवला होता. आठ किलो धरतो. कोटासाठी उपटायला नको होता. म्हणून कोट उचलून बघितला. खालच्या शिवणीत पडद्याची शिशाची वजनं आहेत. ओळीनं. अस्तरातही आहेत. ताजा टाका आहे. मोजून बघितलं, साडेनऊ किलो. हॉस्पिटलात वजन करताना ती कोट काढत नाही.

स्वतःचे कपडेही दर आठवड्याला आतून शिवून घट्ट करते. मला वाटलं काम करतेय.

सफरचंदं मी खातो. पहिल्या दिवसापासून. माझे सगळे दात जागेवर आहेत. मलम मिळालं, आभारी आहे.

मार्चपासून फक्त सूप. गेल्या बुधवारपासून सूपही परत येतं. काल पाणी.

तिला मी काही बोललो नाही. तुम्हाला लिहिलं तर तुमच्या चाचणीचं काही बिघडेल असं ती म्हणत होती. बिघडत असेल तर माफ करा. मला दुसरं कुणी सुचलं नाही.

तुमचे भावोजी


६ जुलै

ताई,

भावोजींचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी आयुष्यात एक लांब पत्र लिहिलं आणि ते बरोबर वेळेला लिहिलं.

हे पत्र कुरियरनं येईल. वाचून झाल्यावर कोट न घालता उठायचं आणि भावोजींबरोबर हॉस्पिटलात जायचं. नर्सबाईसमोर खरं वजन. डॉक्टरसमोर खरा आकडा. चार असेल तर चार. मार्चमध्ये तीन होता, तर तेही सांगायचं. आज. उद्या नाही.

मी चार महिने खिशात पावाचं पत्र घेऊन फिरलो. अख्खी हयात घशाचं आणि मेंदूचं काम करणारा माणूस, बहीण सूप पिते म्हणते तर तिच्या नवऱ्याच्या दातांना मलम पाठवतो. तू मला ठोंब्या म्हणतेस ते कमीच आहे.

का केलंस, ते नंतर लिही. आधी जा.

तुझा भाऊ


१० जुलै

ठोंब्या,

हॉस्पिटलातून लिहिते आहे. पोटाला नळी लावली आहे, तिच्यातून जेवण जातं. चव नाही, पण भांडी घासावी लागत नाहीत. आवाज पार बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. तुझे भावोजी या मनाईवर एक शब्द बोलले नाहीत, पण चेहरा बघायला हवा होता.

का केलं विचारतोस. सुरुवातीची शून्यं खरी होती. पाव खरा होता. मार्चमध्ये अडायला लागलं. मग फॉर्म समोर आला आणि मी विचार केला, मी तीन लिहिलं तर तुझ्या औषधाच्या नावापुढे तीन लागणार. अठरा वर्षांचं काम, बाबांचं नाव, आणि घरचीच बाई त्याला नापास करणार? परक्यांनी केलं तर केलं. मी नाही करणार. नर्सबाई वजन करणार म्हटल्यावर वजनांची पेटी समोर होतीच. चौदा पल्ल्यांना वजनं घालते, एका कोटाला घालायला कितीसा वेळ लागतो.

पाकीट उघडण्याचा तुझा नियम मी वाचला होता. पण मला तर औषधच मिळत होतं ना. मग पाकीट उघडून काय होणार होतं? उलट आत तुझं औषध निघालं असतं आणि ते लागू पडत नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. मी झाकत होते, ठोंब्या. लहानपणी तू खिडकी फोडलीस तेव्हा मी पडदा ओढला होता, तसं.

भीती वाटत होती. ते कुणाला सांगायचं? तुला सांगायचं नाही असा नियम होता.

ताई


२१ जुलै

ताईस,

आधी एक वाईट बातमी, मग एक चांगली. आणि दोन्ही एकच आहेत.

तुझं पाकीट उघडलं. मिठाचं पाणी.

सहा महिने दर आठवड्याला तुला मिठाचं पाणी चढत होतं. ते कुणीतरी ओळखीचं आत आलं होतं ना, ते मीठ होतं. कुठेतरी मजेत जेवणारा जो मनुष्य, ज्याचा मला राग येत होता, ती तू. तू माझ्या औषधाची इभ्रत राखायला एकेक शून्य लिहीत होतीस आणि प्रत्येक शून्य समोरच्या पारड्यात पडत होतं. मार्चमध्ये तू खरा तीन लिहिला असतास, तर एप्रिलपासून तुला माझं औषध मिळालं असतं, आणि मोजणीतही तेच औषध सरस ठरलं असतं. शत्रूनं ठरवून केलं असतं तरी इतकं बिनचूक जमलं नसतं. त्याला एवढी माया कुठून आणता आली असती?

हे मी हसत लिहितोय असं वाटेल. पहिला परिच्छेद लिहायला दोन दिवस लागले.

आता चांगली. सोमवारपासून तुला खरं औषध. मी समितीला सगळं सांगितलं, भावोजींच्या पत्रासकट. ते म्हणाले, संशोधकाला बहिणीचा आकडा कळला आहे, आता दोघांपैकी एकानं बाहेर पडायचं. तू बाहेर पडलीस तर औषध नाही. तेव्हा मी पडलो. यात थोरपणा काही नाही, पाच मिनिटांचं काम होतं, सही आणि तारीख. चाचणी आता आकडेवाली बघेल. तुझे जुने फॉर्म मात्र काढता येणार नाहीत, लिहिलेलं मोजायचं असा नियम आहे.

म्हणजे मी आता या चाचणीत कुणीही नाही. फक्त तुझा भाऊ. रविवारी येतोय, दहा दिवस राहीन. तू बोलू शकत नाहीस हे ऐकल्यापासून यायची घाई झाली आहे.

ठोंब्या


१४ सप्टेंबर

भावोजींस,

तुम्हाला कळवलं पाहिजे म्हणून लिहितो, पण ताईला यातलं काही सांगू नका.

मंडळानं मेंदूचं काम बंद केलं. जूनच्या मोजणीवरच निर्णय घेतला. मी सगळी हकीकत मांडली, तर अध्यक्ष म्हणाले, "एका बहिणीच्या प्रेमाचा आकड्यात हिशेब कसा धरायचा?" प्रश्न बरोबर होता. उंदीर दुसऱ्या विभागाला दिले. माझी खोली गेली, आता मी जुन्या नोंदींच्या खोलीत बसतो, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. ते मला चांगला मानतात, कारण त्यांना काही माहीत नाही.

ताईला वाटेल तिच्यामुळे झालं. एका अर्थानं तिच्यामुळेच झालं, आणि म्हणूनच तिला कळता कामा नये. औषध नुकतं लागू पडायला लागलंय, तिचं मन खचायला नको. तिच्यासाठी वेगळं पत्र सोबत आहे.

ठोंब्या


१४ सप्टेंबर

ताईस,

इकडे सगळं छान. मंडळ खूश आहे. मेंदूचं काम जोरात सुरू आहे, नवी माणसं घेतली. मला नवी खोली मिळाली, प्रशस्त आहे, शांतता भरपूर. उंदरांची प्रकृती उत्तम. जेवणखाण वेळेवर. झोप छान लागते. आकडेवाली हल्ली हसून बोलते. काळजी करण्यासारखं काहीही नाही.

तुझी प्रकृती आता विचारायला मोकळा आहे, म्हणून विचारतो. कशी आहेस? खरं सांग.

ठोंब्या


२२ सप्टेंबर

ठोंब्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या भावोजींना वाचायला दिलं आणि त्यांच्याकडे बघत बसले. ते म्हणाले, "मला याबद्दल काहीही माहीत नाही आणि मी काही ऐकलेलंही नाही." लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, एवढं मोठं वाक्य त्यांनी कधी केलेलं नाही. मग उठून एक चांगलं चाललेलं दार दुरुस्त करायला गेले.

अरे, तू तक्रारीशिवाय पत्र कधी लिहिलंस? शाळेच्या सहलीहून पोस्टकार्ड पाठवायचास त्यातसुद्धा "ताई, इथे डास आहेत" असायचं. आणि आता मंडळ खूश, उंदीर खूश, खोली प्रशस्त, आकडेवाली हसते. हे कुणाला फसवतोस? मी चार महिने हेच लिहीत बसले होते. माझ्या हातचा माल मला ओळखू येणार नाही होय? सगळी शून्यं लिहिलीस तू. ओळीनं.

मेंदूचं काम बंद झालं ना? माझ्या फॉर्मांमुळे. ते मला कळलं तर मी खचेन म्हणून तू झाकलंस. खचले. सोमवारी आणि मंगळवारी खूप रडले, आवाज नाही तरी रडता येतं. बाबांचं काम माझ्या हातून थांबलं. ते मी उरलेलं सगळं आयुष्य बरोबर घेऊन चालणार आहे, ते काही तुला माझ्याकडून काढून घेता येणार नाही. पण तू तिकडे एकटा बसून सगळं छान आहे असं लिहिशील आणि मी इकडे ते खरं मानून सूप पिईन, हे मला जमायचं नाही. मी लपवलं तेव्हा सगळ्यात वाईट काय होतं सांगू? गिळता येत नव्हतं ते नाही. कुणी विचारत नव्हतं ते.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. काल नर्सबाईसमोर, नुसत्या सुती कपड्यात, फॉर्म भरला. पाणी जातं. पातळ सूप जातं, हळू, मधेच एकदा थांबावं लागतं. पाव जात नाही. आणखी महिन्यानं जाईल की पुन्हा पाणीही अडेल, डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारायची भीती सोडलेली नाही. जुलैमध्ये चार होता.

माझा आज तीन आहे. खरा तीन.

तुझा किती, ते लिही.

ताई